घड कधी उतरवायचा? सोलापूरच्या द्राक्षबागेतले शेवटचे तीस दिवस

आंबा आढीत पिकतो, चिकू तांदळाच्या डब्यात पिकतो, केळ्यासाठी तर आता खास खोल्या असतात. द्राक्ष मात्र कशातच पिकत नाही. वेलीवरून तोडलं त्या क्षणी त्यात जेवढी साखर असेल तेवढीच. पुढे ते सुकतं, मऊ पडतं किंवा सडतं. आंबट घड घरी आणून चार दिवस ठेवला तर चार दिवसांनी तो आंबट आणि शिळा, एवढाच फरक.

काढणीच्या हंगामात बागेत जी घालमेल चालते ती सगळी या एका गोष्टीपायी. घड वेलीवर जितके जास्त दिवस राहील तितकी साखर वाढणार, आणि पावसाची, पाखरांची, भाव पडण्याची भीतीही तितकीच वाढणार. आज तोडू की आणखी चार दिवस थांबू, हा हिशेब बागायतदाराला रोज सकाळी नव्याने मांडावा लागतो.

माझ्या मामांची सोलापूरजवळच्या नान्नजच्या अलीकडे तीन एकर बाग आहे. मी सोलापुरात नोकरी करतो. लहानपणी सुट्टीत पेट्यांना कागद लावण्यापलीकडे बागेत मी काही केलेलं नाही. पण गड्ड्याची जत्रा उरकली की माझा रविवार तिकडेच जातो, आणि मामांना विचारून विचारून जे समजलं ते इथे मांडतोय. निमित्त ऑफिसातलं. 'द्राक्षाला काय, तोडायची आणि विकायची' हे वाक्य मी तिथे दरवर्षी ऐकतो.

नान्नज म्हटलं की बाहेरच्यांना माळढोक आठवतो, द्राक्षवाल्यांना बागायतदार नानासाहेब काळे. 'सोनाका' हे लांबट मण्यांचं वाण आणि 'शरद सीडलेस' हे काळं वाण त्यांच्याच बागेतून बाहेर गेलं. ही वाणं प्रयोगशाळेत घडवलेली नाहीत. आधीच्या वाणाच्या बागेत एखाद्या काडीवर निसर्गतःच वेगळे घड आले, ते कुणाच्या तरी नजरेत भरले आणि त्या काडीची कलमं करून वाण वाढवलं गेलं. आमच्या भागात घड निरखून बघायची जी सवय आहे, तिला असा वारसा आहे.

आपल्याकडे द्राक्षवेल वर्षातून दोनदा छाटतात. थंड देशांत हिवाळ्यात वेल आपोआप झोपी जाते, पानं गाळते. तिथे एकच छाटणी पुरते. सोलापुरात कुठली आलीय झोप! म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करून नव्या काड्या तयार करायच्या आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी करून त्या काड्यांतून घड काढायचे. फळछाटणीपासून वाणाप्रमाणे साधारण ११० ते १४० दिवसांनी माल तयार होतो. पहिल्या बागा जानेवारीत, शेवटच्या एप्रिलच्या तोंडाशी. म्हणजे छाटणीची तारीख ठरली की काढणीची अर्धी तारीख ठरलीच. आगाप छाटली तर परतीच्या पावसात डाऊनी या बुरशीरोगाशी झुंजायचं, पण बाजारात पहिलं पोचायचं. उशिरा छाटली तर रोगाचा त्रास कमी, पण मार्चच्या उन्हात आणि सगळ्यांच्या गर्दीत माल विकायचा.

पाणी उतरतं म्हणजे काय

सुरुवातीला मणी हिरवागार, टणक आणि आंबटढाण असतो. मग एके दिवशी घडातले दोन-चार मणी बोटाला मऊ लागतात आणि उजेडात धरले तर काचेसारखे दिसतात. याला बागेत 'पाणी उतरलं' म्हणतात. नाव पाण्याचं, पण उतरायला लागलेली असते साखर.

तोवर मणी आम्ल साठवत असतो. आता पानांनी उन्हात तयार केलेली साखर देठावाटे मण्यात यायला लागते आणि त्याच वेळी आम्ल घटायला लागतं. द्राक्षात मुख्य आम्लं दोन, टार्टरिक आणि मॅलिक. त्यातलं मॅलिक आम्ल मणी स्वतःच्या श्वसनात जाळतो, आणि हवा तापली की जास्त जाळतो. फेब्रुवारीअखेर ऊन चढलं की आपल्याकडची द्राक्षं आठ-दहा दिवसांत एकदम गोड लागायला लागतात, त्यामागे हे दोन्ही आहे. साखर वाढलेली असते आणि आंबटपणाही पळालेला असतो. म्हणून नुसती जिभेवर घेतलेली चव फसवी असते. आम्ल कमी झालेलं द्राक्ष आहे त्यापेक्षा गोड वाटतं.

साखर पानांत बनते, त्यामुळे या दिवसांत मामांचं लक्ष घडापेक्षा पानांकडे जास्त असतं. एका घडामागे पंधरा-सोळा धडधाकट पानं हवीत असा बागेतला ढोबळ हिशेब आहे. भुरी रोगाने किंवा लाल कोळी किडीने पानं खराब केली तर घड वरून कितीही देखणा असो, साखर भरत नाही. आणि वेलीवर हावरेपणाने जास्त घड ठेवले तर तीच साखर जास्त तोंडांत वाटली जाते. एकरी आठ-दहा टनांवर समाधान मानणाऱ्याची बाग शेजारच्या पंधरा टनवाल्याच्या आधी तयार होते, हे मी दोन बांधांमध्ये उभं राहून पाहिलेलं आहे.

यंत्र खोटं बोलत नाही, नमुना बोलतो

साखर मोजायचं यंत्र म्हणजे रिफ्रॅक्टोमीटर. टॉर्चएवढी नळी असते. काचेवर रसाचे दोन थेंब टाकायचे, झाकण लावायचं, उजेडाकडे धरून डोळा लावायचा. आत निळ्या आणि पांढऱ्या भागाच्या मधली रेघ ज्या आकड्यावर दिसते तो ब्रिक्स. रस जितका दाट तितका तो प्रकाश जास्त वाकवतो, एवढंच त्यामागचं शास्त्र. १८ ब्रिक्स म्हणजे शंभर ग्रॅम रसात १८ ग्रॅम विरघळलेला ऐवज, आणि द्राक्षात तो बहुतेक सगळा साखरच असतो.

मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा १९ आला. मी खूश. मामांनी त्याच घडाच्या शेंड्याचा मणी तोडून पिळला: १५.

"खांद्याचं खाऊन भाव करायलास, शेंड्याचं कोण खाणार?"

घडाचा खांदा म्हणजे देठाजवळचा भाग आधी पिकतो, शेंडा मागे राहतो. उन्हाच्या बाजूचा घड आणि पानाआडचा घड यांत फरक, बांधाकडच्या ओळी आणि मधल्या ओळी यांत फरक, मुरमाड तुकडा आणि काळीचा तुकडा यांत तर मोठाच फरक. म्हणून नमुना घ्यायची रीत अशी: बागेत नागमोडी चालायचं, पंचवीस-तीस वेलींवरून खांद्याचे, मधले आणि शेंड्याचे मिळून शंभरेक मणी गोळा करायचे, सगळ्यांचा रस एकत्र काढायचा आणि मग मोजायचं. यंत्र आधी स्वच्छ पाण्यावर शून्याला लावून घ्यायचं. शक्यतो रोज एकाच वेळी, सकाळी मोजायचं. मामा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेच्या चौकोनात लिहून ठेवतात. एका दिवसाच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. तो किती दिवसांत किती चढतोय, यावरून तोड कधी लागेल ते कळतं.

मग किती झाला म्हणजे तोडायचा? इथे एकच उत्तर नाही, कारण द्राक्ष कशासाठी जाणार यावर ते आहे. निर्यातदार साधारण १८ च्या आसपास बघतो आणि सोबत मण्याची जाडीही मोजतो, युरोपसाठी बहुधा १८ मिलिमीटर. गावच्या बाजारात १६-१७ ला तोडलेला मालही सर्रास दिसतो, आणि 'या वर्षी द्राक्षं आंबटच आहेत' ही तक्रार तिथूनच निघते. बेदाण्याला २२ च्या पुढे हवं.

हा फरक नीट समजून घेण्यासारखा आहे. ताजी द्राक्षं वजनावर विकली जातात आणि वजनातला मोठा भाग पाणी असतं. बेदाण्यात पाणी उडून जातं, उरते ती साखर. एक टन द्राक्ष १८ ब्रिक्सला असेल तर त्यात १८० किलो साखर. बेदाण्यात पंधराएक टक्के ओलावा राहतो असं धरलं तर त्याचे होतात सुमारे २१० किलो बेदाणे. तीच द्राक्षं २२ ब्रिक्सला तोडली तर सुमारे २६० किलो. टनामागे पन्नास किलोंचा फरक, तोही फक्त थांबल्याने. उलट ताजा माल विकणाऱ्याने गरजेपेक्षा जास्त थांबलं तर मणी मऊ पडतो, पाणी उडायला लागतं, वजन घटतं, आणि वाढलेल्या गोडीचे पैसे त्याला कोणी वेगळे देत नाही. मला विचाराल तर आपल्या बाजाराचा हा मोठा दोष आहे. वजनाला भाव, गोडीला नाही. मग शेतकऱ्याने गोडीची वाट कशाला बघावी?

ठिबकची चावी

सोलापूर पर्जन्यछायेतला जिल्हा. वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. उजनीचा कालवा जिथे पोचला तिथे ऊस झाला. द्राक्ष बरंचसं विहिरी, बोअर आणि शेततळ्यांवर उभं आहे. ते पाणीही पुष्कळ ठिकाणी खारवट. म्हणूनच बागा थेट द्राक्षाच्या मुळांवर न लावता डॉगरीजसारख्या खुंटावर कलम करून लावतात. खालचा जंगली खुंट क्षार आणि पाण्याचा ताण सोसतो, वरचं वाण फळ देतं.

शेवटच्या महिन्यात पाण्याबाबत दोन्हीकडून पंचाईत असते. मण्याची साल आता ताणलेली, आत साखरेचा दाट रस. साखर पाणी खेचते. ताण पडलेल्या बागेला अचानक भरपूर पाणी दिलं तर मणी ते ओढून घेतो, आतला दाब सालीला झेपत नाही आणि मणी तडकतो. पाणी फार तोडलं तर मणी सुरकुततो, देठ वाळतो, मणीगळ होते. त्यामुळे पाणी एकदम बंद करायचं नाही आणि एकदम वाढवायचंही नाही. पाणी उतरल्यापासून हळूहळू कमी करत आणायचं. भारी काळ्या जमिनीत तोडीच्या चार-पाच दिवस आधी ठिबक थांबवलं तरी चालतं. मुरमाड जमिनीत तेवढा दम निघत नाही, तिथे थोडं थोडं चालूच ठेवावं लागतं. बेदाण्याचा माल असेल तर ताण जास्त दिवस देतात.

खतांचं थोडक्यात: या काळात नत्र नको, नाहीतर वेल फळ सोडून शेंडे काढत बसते. पालाश मात्र हवं. साखरेची पानातून मण्याकडे वाहतूक होण्यात त्याचा हात असतो, म्हणून 'शून्य-शून्य-पन्नास'च्या पिशव्या याच दिवसांत फुटतात.

गुलाबी मण्यांची एक डोकेदुखी आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्री कडक थंडी आणि दुपारी चांगलं ऊन पडलं, आणि नेमकं तेव्हाच पाणी उतरत असलं, तर पांढऱ्या वाणांच्या मण्यांवर गुलाबी छटा येते. चवीला काही होत नाही, पण निर्यातदार तो घड बाजूला काढतो. त्यावर उपाय म्हणजे पाणी उतरायच्या आधीच घडाला कागद गुंडाळायचा. अशा दिवसांत बाग म्हणजे रद्दीचं प्रदर्शनच. मी एकदा मांडवाखाली उभ्या उभ्या गेल्या दिवाळीचं राशिभविष्य वाचलेलं आहे.

पाखरांबद्दल काय सांगावं! पोपट, साळुंक्या, बुलबुल यांना ब्रिक्स मोजायला यंत्र लागत नाही. जाळी मारणं हाच खरा इलाज. बाकी गोफणी, फटाके, चमकत्या पट्ट्या चार दिवस चालतात.

औषधाचा शेवटचा फवारा

भाजीला औषध मारून दुसऱ्या दिवशी बाजारात नेणं वाईट, हे सगळ्यांना पटतं. द्राक्षात हा प्रश्न जास्त अवघड होतो, आणि त्याचं कारण सोपं आहे. मणी लहान असताना मारलेलं औषध मणी फुगत जातो तसं त्याच्या वजनाच्या मानाने विरळ होत जातं. काढणी जवळ आली की मणी फार फुगायचा उरलेला नसतो. त्यामुळे उशिरा मारलेलं औषध उन्हाने आणि वेळेने जेवढं मोडेल तेवढंच मोडतं. प्रत्येक औषधाला म्हणूनच काढणीपूर्व कालावधी ठरवून दिलेला असतो: शेवटचा फवारा आणि तोड यांच्यात इतके दिवस गेलेच पाहिजेत. कुठल्या औषधाला किती दिवस, याची यादी मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र प्रसिद्ध करतं.

निर्यातीच्या बागेची कृषी खात्याकडे नोंदणी असते, तोडीच्या आधी प्रयोगशाळेचा माणूस येऊन नमुना नेतो आणि अहवाल बरोबर आला तरच माल पुढे जातो. ज्या औषधाला युरोपने वेगळी मर्यादा दिलेली नाही त्याची तिथली मर्यादा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे. हे डोळ्यांसमोर आणायचं तर हजार टन द्राक्षांत दहा ग्रॅम. पंप नीट न धुता दुसऱ्या पिकाचं औषध मारलं तरी हा आकडा ओलांडला जाऊ शकतो. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईडचे अंश सापडले म्हणून भारताची द्राक्षं युरोपात अडकली होती. हे औषध कीड किंवा रोगावरचं नाही. शेंड्याची वाढ रोखायला ते वेलीला देतात, तेही घड येण्याच्या कितीतरी आधी. तरी अंश घडात उतरले. त्या हंगामाची आठवण काढली की जुने बागायतदार अजून गप्प होतात.

शेवटच्या महिन्यात भुरी आलीच तर? बॅसिलस, ट्रायकोडर्मा यांसारखी जैविक औषधं तेव्हा कामाला येतात, कारण त्यांचे असे अंश मागे राहत नाहीत. पण ती रोग होऊ नये म्हणून चांगली; घडावर भुरी पसरल्यावर चमत्कार करत नाहीत.

आभाळ भरून आलं की

फेब्रुवारी-मार्चमधलं ढग बघितलं की आमच्याकडे पोटात गोळा येतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीने राज्यभर जे केलं ते सोलापूर जिल्ह्यानेही भोगलं. गारेवर इलाज नाही. प्लास्टिकचं आच्छादन पावसापासून वाचवतं, पण त्याचा खर्च सगळ्यांना झेपत नाही.

साध्या अवकाळी पावसात मात्र हातात काही गोष्टी असतात. पाऊस थांबल्या थांबल्या घडांत अडकलेलं पाणी काढायचं: तारा हलवायच्या, किंवा ब्लोअरची नुसती हवा मारायची. मणी सालीतूनही पाणी पितो, त्यामुळे घड जितका वेळ ओला तितके तडे जास्त. दुसऱ्या दिवशी तडकलेले मणी कात्रीने वेचून काढायचे. एक फुटका मणी रस गाळून सगळा घड नासवतो. आणि तिसरी गोष्ट, जी घाबरलेल्या माणसाला सांगूनही पटत नाही: ओला घड तोडायचा नाही. पावसाने साखर पातळ झालेली असते, दोन-तीन अंश सहज उतरतात, आणि ओला माल पेटीत बंद केला की सडतो. चार दिवस ऊन मिळालं तर ब्रिक्स परत चढतो. पण आभाळात पुढचा ढग उभा असेल तर हे चार दिवस काढायचे कसे, ते तुम्हीच सांगा.

तोड

तोडीचा दिवस पहाटे सुरू होतो. घड रात्रभर गार झालेला असतो आणि मण्यातली ऊब हीच तोडलेल्या द्राक्षाची वैरी. तापमान दहा अंशांनी वाढलं की श्वसनाचा वेग दुपटी-तिपटीने वाढतो. म्हणून दव सुकलं की सुरुवात आणि दहा-साडेदहाला बंद. त्यानंतर तोडू द्यायला मामा तयार नसतात, व्यापारी कितीही घाई करो.

तोडणाऱ्या बायकांची टोळी असते, आणि त्यांचे हात बघण्यासारखे असतात. घड देठाला धरायचा, मण्याला बोट लावायचं नाही. मण्यावर जी पांढरट लव असते ती धूळही नव्हे आणि औषधही नव्हे. ते मण्याचं स्वतःचं मेण. त्यानेच आतलं पाणी टिकतं. शहरात आपण ती चोळचोळून धुतो आणि बागेत तीच टिकवण्यासाठी एवढा जीव टाकतात! देठ लांब ठेवून कात्री मारायची, खराब मणी तिथेच छाटायचे, क्रेटमध्ये खाली मऊ शीट टाकून घडांचा एकच थर लावायचा आणि क्रेट लगेच सावलीत. सगळे घड एका दिवशी तयार नसतात, म्हणून चांगला बागायतदार दोन-तीन तोडींत माल काढतो. व्यापाऱ्याला मात्र एका दिवसात गाडी भरायची असते. ही ओढाताण प्रत्येक बागेत दिसते.

उन्हात राहिलेल्या घडाचं वजन दोन-तीन टक्के घटलं की देठ तपकिरी व्हायला लागतो. मणी ताजा असला तरी गिऱ्हाईक देठ बघून शिळं म्हणतं, आणि तसं म्हणण्यात त्याची चूक नाही. निर्यातीचा माल काही तासांत पॅकहाऊसला पोचवून मण्याचं तापमान दोन-चार अंशांपर्यंत उतरवतात आणि पुढे शून्याच्या आसपास ठेवतात. पेटीत एक खास कागद टाकतात. ओलाव्याने त्यातून सल्फर डायऑक्साईड हळूहळू सुटतो आणि बुरशीला रोखतो. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या येमेनी बंडखोरांच्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून युरोपात जायला लागली आणि प्रवास दहा-पंधरा दिवसांनी वाढला. नान्नजच्या वेलीवर घड किती घट्ट आहे याचा संबंध असा येमेनच्या किनाऱ्याशी लागतो.

देशातल्या बाजारासाठी आपल्याकडे भाव चार किलोच्या पेटीवर बोलतात. व्यापारी बागेत येतो, घड बघतो, आकडा टाकतो. आकडा ठरवणं सोपं आहे; पैसे हातात पडणं अवघड. एका हंगामात एका व्यापाऱ्याने मामांना पहिल्या दोन गाड्यांचे पैसे रोख दिले, विश्वास बसवला, आणि पुढच्या तीन गाड्या उधारीवर नेऊन जो फोन बंद केला तो आजतागायत. तेव्हापासून मामांचा नियम आहे: काट्यावर वजन झालं की पैसे, मग गाडीला वाट. सौदा ठरतानाच ब्रिक्स किती धरायचा, बाजूला पडलेला माल कुणाचा, टोळीची मजुरी कोण देणार आणि तोड कुठल्या तारखेला, हे वहीत लिहून दोघांच्या सह्या. व्यापारी नाराज होतात. होऊ देत.

भाव पडला तर आपल्या जिल्ह्याकडे एक दुसरा रस्ता असतो, आणि नाशिकच्या मानाने आमचं नशीब इथे बरं आहे. मार्चअखेरचं सोलापूरचं कोरडं, भाजून काढणारं ऊन, ज्याला आपण सगळे शिव्या घालतो, ते बेदाण्याला वरदान. पंढरपूरजवळचं कासेगाव, सांगोल्याकडचं जुनोनी या बाजूला गेलात तर जाळ्यांचे दहा-बारा मजले असलेली शेड रस्त्याकडेला दिसतात. तिथे द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या पाण्यात दोन-चार मिनिटं बुडवून जाळीवर पसरतात. हे द्रावण त्या मेणाच्या लवेत पाणी बाहेर पडायला वाट करून देतं. नुसती वाळवली तर महिनाभर लागेल, बुडवल्याने साधारण पंधरवड्यात काम होतं. चार किलो द्राक्षांचा किलोभर बेदाणा. शेड सावलीचं असतं, कारण थेट उन्हात रंग काळपटतो. त्या पंधरवड्यात ढगाळ हवा आली तरीही रंग जातो, आणि बेदाण्याचा भाव रंगावर ठरतो. म्हणजे आभाळाकडे बघणं इथेही सुटत नाही.

व्यापाऱ्याची, शेडची वाट बघत घड फार उशिरापर्यंत वेलीवर ठेवण्यात आणखी एक धोका असतो, जो त्या वर्षी दिसतच नाही. माल उतरल्यावर वेलीला खरड छाटणीआधी पंधरा दिवस ते महिनाभर विश्रांती लागते. काढणी लांबली की छाटणी लांबते. छाटणीनंतर साधारण चाळीस ते सत्तर दिवसांत नव्या काडीच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे सूक्ष्म घड तयार होतात आणि त्यासाठी भरपूर ऊन लागतं. छाटणी उशिरा झाली तर हे दिवस नेमके ढगाळ जून-जुलैत सापडतात, मग ऑक्टोबरात डोळे फुटतात पण घडाऐवजी नुसती बाळी, म्हणजे वेलीचा तणावा, निघते. २०२५ मध्ये तर मे महिन्यातच पावसाने गाठलं आणि वेळेवर छाटलेल्यांनाही ऊन मिळालं नाही. वर सप्टेंबरात सीनेचा पूर.

मागच्या हंगामात मामांची शेवटची गाडी गेली त्या संध्याकाळी मी तिथेच होतो. टोळी गेली होती, क्रेट रचून झाले होते, मांडवाखाली चार-दोन चुकलेले घड आणि फुटक्या मण्यांवर माश्या. आता निवांत चहा होईल असं मला वाटत होतं. मामा उठून मोटारीकडे गेले आणि ठिबक सुरू केलं. वेलीवर एक घड नाही, आता पाणी कशाला, असं मी विचारलं.

"बाळंतीण हाय ती," ते म्हणाले. "तिला आधी जेवू घाल. आपला चहा होतोय की मग."